कच्चा आकडाही कॅलेंडरचाच असतो

एक संदेश बरेच दिवस फिरतोय. त्याचा आशय असा: ‘हंगामी समायोजन’, म्हणजे दरवर्षी ठरल्या वेळी होणारा चढउतार आकड्यांतून काढून टाकणं, ही आकडेवारी खात्यांची हातचलाखी आहे. अमेरिकेत दर जानेवारीत लाखो नोकऱ्या कमी होतात, तरी जाहीर होणारा आकडा वाढ दाखवतो. तुलना करायचीच तर गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करा, म्हणजे कुठलंच गणित लागत नाही. शिवाय समायोजित आकडे मागाहून बदलतात, यातच काय ते आलं.

यातली पहिली माहिती खरी आहे, म्हणून संदेश पटकन पटतो.

‘जानेवारीत नोकऱ्या जातात, आकडा मात्र वाढतो.’ जातात, आणि थोड्याथोडक्या नाही. नाताळच्या गर्दीसाठी घेतलेली माणसं घरी जातात, थंडीत बांधकामं थंडावतात, आणि अमेरिकेच्या वेतनपटावरची संख्या डिसेंबरपेक्षा साधारण 25 ते 30 लाखांनी खाली येते. हे कोणी दडवलेलं नाही. तिथला श्रम आकडेवारी विभाग समायोजित आणि असमायोजित असे दोन्ही आकडे एकाच दिवशी, एकाच अहवालात देतो. पण जानेवारीत माणसं कमी झाली का, या प्रश्नाचं उत्तर दरवर्षी ‘हो’च येणार. उपयोगाचा प्रश्न वेगळा आहे: नेहमी होतात त्यापेक्षा जास्त कमी झाली की थोडी? समजा एरवी 28 लाखांची घट होते आणि यंदा 26 लाखांचीच झाली, तर समायोजित आकडा दोन लाखांची वाढ दाखवेल. त्यात लबाडी नाही, वजाबाकी आहे.

‘गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी तुलना करा, बास.’ इथे जरा थांबू, कारण संदेशाचा खरा घोटाळा इथे आहे. ही तुलनासुद्धा एक समायोजनच आहे, फक्त ओबडधोबड. तिच्यामागे गृहीत असं आहे की दोन वर्षांतले ‘तेच’ महिने खरोखर सारखे असतात. कॅलेंडर काढून बघा. 1 जून 2023 ला गुरुवार होता. महिन्याचे 30 दिवस म्हणजे चार आठवडे आणि वर दोन दिवस, ते पडले गुरुवार आणि शुक्रवार. सोमवार ते शुक्रवार असे दिवस झाले 22. मधे 2024 ची 29 फेब्रुवारी आल्यामुळे पुढच्या वर्षी 1 जूनला थेट शनिवार आला. वरचे दोन दिवस शनिवार-रविवारात गेले, कामाचे दिवस उरले 20. रोज 100 नग काढणारा कारखाना जून 2023 मध्ये 2200 नग काढेल आणि जून 2024 मध्ये 2000. घट नऊ टक्क्यांची, आणि कारखान्यात काडीचाही बदल नाही! चित्रपटगृहाचा हिशेब नेमका उलटा. शनिवार-रविवार मिळून 2023 च्या जूनमध्ये आठ होते, 2024 च्या जूनमध्ये दहा. म्हणजे एकाच महिन्यात कारखानदार मंदीत आणि चित्रपटगृहवाला तेजीत, तेही केवळ वारांमुळे.

लीप वर्षाचा हिशेब आणखी सोपा. रोजची विक्री जशीच्या तशी राहिली, तरी फेब्रुवारी 2025 ची एकूण विक्री फेब्रुवारी 2024 पेक्षा 3.4 टक्क्यांनी कमी भरते. तीन-चार टक्क्यांच्या वाढीवर जिथे मथळे होतात, तिथे हा फरक किरकोळ कसा म्हणायचा?

मग फिरते सण. ईस्टर 22 मार्च ते 25 एप्रिल यांत कुठेही येतो. 2024 मध्ये तो 31 मार्चला होता, 2025 मध्ये 20 एप्रिलला. त्याच्या आधीच्या आठवड्यातली खरेदी एका वर्षी अख्खी मार्चमध्ये पडली, दुसऱ्या वर्षी अख्खी एप्रिलमध्ये. चांद्र नववर्ष 2023 मध्ये 22 जानेवारीला आलं, 2024 मध्ये 10 फेब्रुवारीला. चीनचं सांख्यिकी खातं औद्योगिक उत्पादनाचे जानेवारी आणि फेब्रुवारीचे आकडे एकत्रच देतं, ते याच कारणाने. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. दिवाळी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये हेलकावे खाते, त्यामागे अधिक मास आहे, हे मराठी वाचकाला सांगायला नको.

वार्षिक तुलनेचा आणखी एक दोष आहे, आणि मला तो जास्त खटकतो: ती वळण उशिरा दाखवते. एखादा निर्देशांक 100 वरून दरमहा एकेक अंकाने चढत आठ महिन्यांत 108 वर गेला आणि पुढचे चार महिने एकेकाने उतरून 104 वर आला, तर वार्षिक वाढ अजून चार टक्केच दिसेल. घसरण सुरू होऊन चार महिने लोटलेले असतील.

‘आकडे मागाहून बदलतात.’ बदलतात, आणि बदलायलाच हवेत. एखाद्या महिन्याचा हंगामी हिस्सा ओळखायला त्याच्या आधीचे आणि नंतरचे असे दोन्हीकडचे महिने लागतात. ताज्या महिन्याला नंतरचे महिने नसतात, म्हणून तिथे अंदाज भरतात. खरे आकडे येतात तसा अंदाज जातो आणि मागचा आकडा थोडा हलतो. ‘पुढच्यास ठेच, मागचा शहाणा’ ही म्हण इथे शब्दशः लागू पडते. ही रीत गुप्तही नाही. अमेरिकेच्या जनगणना विभागाने एक्स-11 ही हंगामी समायोजनाची पद्धत 1965 मध्ये आणली. तिचा आजचा अवतार, एक्स-13 अरिमा-सीट्स, कोणीही फुकट उतरवून घेऊन आपल्या संगणकावर चालवू शकतो.

आता संदेशातल्या संशयाला जिथे आधार आहे, ते. हंगामी गणित नेहमीचं आणि वारंवार होणारं तेवढंच काढतं, एकदाच घडलेलं काढत नाही. जून 2022 मध्ये राणीच्या कारकिर्दीच्या 70 वर्षांनिमित्त ब्रिटनमध्ये एक जादा सुट्टी दिली आणि मेअखेरची नेहमीची सुट्टीही जूनमध्ये सरकवली. त्या महिन्यातली उत्पादनाची घट समायोजनानंतरही आकड्यांत राहिली. 2020 ची गोष्ट याहून वाईट. अमेरिकेत बेरोजगार भत्त्याच्या अर्जांची संख्या अचानक कितीतरी पट झाली. हंगामी घटकाने गुणायच्या किंवा भागायच्या पद्धतीत मूळ संख्या फुगली की दुरुस्तीही तितकीच फुगते. म्हणून त्या वर्षीच्या सप्टेंबरपासून तिथल्या श्रम खात्याने गुणाकार सोडून बेरजेची पद्धत घेतली. त्याआधीच्या काही आठवड्यांचे समायोजित आकडे मीही जपूनच वापरेन.

अमेरिकेच्या पहिल्या तिमाहीच्या जीडीपीत समायोजनानंतरही हंगामाचा अंश उरतो, अशी तक्रार होती. ती खोटी नव्हती, आणि तिथल्या आर्थिक विश्लेषण विभागाने त्यावर दुरुस्त्या केल्या. शिवाय जुलै 2018 पासून तो विभाग जीडीपीचे असमायोजित आकडेही प्रसिद्ध करतो. संदेश लिहिणाऱ्याला हवा असलेला कच्चा आकडा तिथे तयार आहे. त्यात जवळजवळ दरवर्षी पहिली तिमाही आधीच्या तिमाहीपेक्षा खाली दिसते, म्हणजे संदेशाच्या हिशेबाने अमेरिकेत दर नववर्षाला मंदी.