भाष्यकारांना वाट पुसत

मराठीत लेखनकार्यशाळेचा विषय निघाला की कुणीतरी हमखास विचारतं, ‘ज्ञानेश्वरांनी कुठला कोर्स केला होता?’ प्रश्न टाळ्या घेऊन जातो, पण त्याचं उत्तर ज्ञानेश्वरीतच आहे. अठराव्या अध्यायाच्या शेवटी शेवटी ज्ञानदेव स्वतःच सांगतात की आपण व्यासांचा मागोवा घेत, ‘भाष्यकारांतें वाट पुसतु’, म्हणजे गीतेवर आधी भाष्य लिहिणाऱ्यांना वाट विचारत, आलो. त्यांना वाट विचारण्यात कमीपणा वाटला नाही. आपल्याला वाटतो.

मी राहतो त्या इंग्लंडात लेखन शिकवता येतं का, हा वाद केव्हाच मागे पडला. ईस्ट अँग्लिया विद्यापीठाने १९७० मध्ये सर्जनशील लेखनाचा एम.ए. सुरू केला आणि त्याचा पहिला विद्यार्थी पुढे नामवंत कादंबरीकार झालेला इयन मॅकइवन निघाला. अमेरिकेतली आयोवाची कार्यशाळा तर १९३६ची. आता इथल्या ग्रंथालयात कादंबऱ्यांच्या शेजारी ‘कादंबरी कशी लिहावी’ सांगणाऱ्या पुस्तकांची अख्खी फळी असते आणि मी ती अधाशासारखी वाचत आलोय. कादंबरी मात्र एकही लिहिलेली नाही. लिहायचीही नाही.

मग ही पुस्तकं कशाला वाचायची? कादंबऱ्या नीट वाचता याव्यात म्हणून. गोष्ट कोण सांगतंय, त्याला कितपत माहीत आहे, लेखकाने दहा वर्षं एका वाक्यात उरकली आणि एका दुपारीला वीस पानं दिली ती का, असल्या गोष्टींकडे माझं आधी लक्षच जायचं नाही.

हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ घ्या. १८९०च्या सुमारास ‘करमणूक’ साप्ताहिकातून ती क्रमशः येऊ लागली. कॉलेजात असताना वाचली तेव्हा आपली कहाणी सांगणाऱ्या नायिकेसाठी, यमूसाठी गळा दाटून आला, एवढंच. या पुस्तकांच्या नादी लागल्यावर पुन्हा वाचली, तेव्हा मात्र थबकलो. लेखन शिकवणाऱ्यांचा इथला पहिला मंत्र म्हणजे ‘दाखवा, सांगू नका’: प्रसंगातून उभं करा, वर्णून सांगू नका. आणि यमू तर पानोपानी सांगत सुटते, मधेच थांबून वाचकाशी बोलते. इथल्या मास्तरांनी अर्धी पानं तांबडी केली असती. पण जिला घरात तोंड वर करून बोलायची सोय नव्हती, वैधव्यानंतर जिचं जबरदस्तीने केशवपन झालं, तिने आपली हकिकत आपल्या तोंडाने सांगावी हीच त्या कादंबरीतली सगळ्यात मोठी घटना आहे. कुणी तिसऱ्याने ती ‘दाखवली’ असती, तर यमूचं बोलणं पुन्हा दुसऱ्याच्याच ताब्यात गेलं असतं. नियम ठाऊक होता, म्हणून तो मोडून हरिभाऊंनी काय साधलं ते मला दिसलं. निव्वळ गहिवरून दिसलं नसतं.

इथलं सगळं आलबेल आहे असंही नाही. ग्रंथालयातल्या वाचनगटात मी जातो. मंडळी हातात पेन्सिल घेऊनच वाचतात. एकदा एका कादंबरीच्या तिसऱ्या प्रकरणात निवेदनाचा कोन, म्हणजे गोष्ट कुणाच्या नजरेतून दिसते तो, घसरलाय, यावर चांगली अर्धा तास चर्चा झाली. त्यातली आई पुस्तकभर गप्प का, हे कुणी विचारलं नाही. मी विचारलं तेव्हा सगळे सौजन्याने ‘हो, तेही आहे’ म्हणाले आणि पुन्हा तिसऱ्या प्रकरणाकडे वळले. अनेक नव्या इंग्रजी कादंबऱ्या एकाच साच्यातून काढल्यासारख्या वाटतात, त्याचं मूळ मला अशा वाचनात दिसतं.

आपल्याकडे नेमकं उलट. परीक्षणांत ‘आशयघन’, ‘समाजभान’, ‘दाहक वास्तव’ ही विशेषणं येतात, पण ते वास्तव कुणाच्या नजरेतून आलं, याचा पत्ता नसतो. जे उसनं घेतलं तेही अर्धवट. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांनी १९२७ मध्ये केंब्रिजला कादंबरीवर व्याख्यानं दिली. त्यातली सपाट (एकाच गुणावर उभी) आणि गोल (अनेकपदरी) पात्रं आपण अशी पाठ केली की ‘सपाट’ म्हटलं की पात्र नापास! फॉर्स्टर यांचं म्हणणं तसं नव्हतंच. सपाट पात्रंही कादंबरीला हवी असतात, असं सांगताना त्यांनी डिकन्सचाच दाखला दिला. (त्या व्याख्यानांनंतर त्यांच्या हयातीत त्यांची एकही नवी कादंबरी आली नाही, तेव्हा तंत्र कळलं म्हणजे कादंबरी होते असं मीही म्हणणार नाही.)

आणि हे सगळं परदेशी खूळ म्हणावं तर ना. सी. फडक्यांचं ‘प्रतिभासाधन’ १९३१चं आहे. कथा-कादंबरीच्या घडणीवर मराठीत इतक्या आधी तपशिलात लिहिलं गेलं होतं. पुढे फडक्यांच्या गुलछबू कादंबऱ्या लोकांना नकोशा झाल्या आणि त्यांच्या पायी तंत्राची चर्चाही बदनाम झाली. फडक्यांचा हिशेब चुकता करताना आपण उगाच जास्तीचे पैसे मोजले.

कार्यशाळांच्या जाहिरातींना खुशाल हसावं. आठवड्यात कादंबरीकार करून देणाऱ्याच्या हाती छदामही ठेवू नये. पण लिहिण्याविषयीचं एखादं बरं पुस्तक वाचनालयात आलं, तर होतकरू लेखकांच्या आधी ते परीक्षणं लिहिणाऱ्यांनी घरी न्यावं आणि त्यांच्यामागून, ज्यांना उभ्या आयुष्यात एक ओळही लिहायची नाही, त्यांनी.