पुलाला पोरांचा बळी लागत नाही

काल आक्काचा फोन आला, "आठ दिवस पोरांना शाळेला लावून देत नाही." कारण, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा तो मेसेज: नदीवरच्या नव्या पुलाला बळी पाहिजे, म्हणून चिकोडी-निपाणी भागात पोरं धरणारी टोळी आली आहे, रात्री पाईलच्या, म्हणजे पुलाच्या पायाच्या खांबाच्या, खड्ड्यात काय टाकतात ते बघा, ब्रिटिशांचा दगडी पूल शंभर वर्षं टिकतो, हा तयार तुकडे आणून जोडलेला पडणारच.

खड्ड्यात काँक्रीट टाकतात. रिगनं, म्हणजे खोदायच्या यंत्रानं, खडकापर्यंत खोदायचं, सळ्यांचा पिंजरा सोडायचा, मग पाईपातून तळापासून भरत वर यायचं. पाईपाचं तोंड सतत काँक्रीटमध्ये बुडालेलं लागतं. मध्येच खंड पडला तर पाईल कच्चा राहतो, म्हणून रात्री दोनलाही मिक्सर येतात. मेसेजमधल्या फोटोत ताडपत्रीखाली "गुंडाळलेलं काहीतरी" आहे ना, त्याच्या टोकाला सळ्या आणि रिंगा स्पष्ट दिसतात.

हीच अफवा 2019 मध्ये बांगलादेशात उठली होती. पद्मा नदीवरच्या पुलाला माणसांची मुंडकी लागतात म्हणे! सरकारनं खोटं आहे म्हणून सांगितलं, तरी जमावानं आठ जणांना मारून टाकलं. त्यांतली एक बाई पोरीच्या शाळाप्रवेशाची चौकशी करायला गेली होती. पोलिसांच्या म्हणण्याप्रमाणे आठांपैकी एकही पोरं धरणारा नव्हता. लांबचं वाटतं? 2018 च्या जुलैत धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला भिक्षा मागणाऱ्या पाच जणांना अशाच संशयावरून ठेचून मारलं. त्याच महिन्यात आपल्या कर्नाटकात, बीदर जिल्ह्यात, एकाचा जीव गेला.

दगडी पुलाचं म्हणाल तर महाडचा सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री पुरात गेला, दोन एसट्या घेऊन. पुढच्या जूनमध्ये तिथं नवा पूल खुलाही झाला.

तुकडे जोडून केलेलं काम पडतच नाही, असं मी म्हणणार नाही. बिहारात सुलतानगंजजवळ गंगेवरचा पूल 2023 मध्ये बांधता बांधताच कोसळला. म्हणून आपल्या पुलाच्या गर्डरच्या (खांबांवर बसवायच्या तुळईच्या) काँक्रीटचे क्यूब टेस्टचे, म्हणजे ठोकळे दाबून ताकद तपासतात त्याचे, रिपोर्ट जरूर मागा, मीही येतो. पण गर्डर यार्डात ओतून क्रेननं बसवला म्हणून कच्चा होत नाही. उलट पाण्यात कमी दिवस काम करावं लागतं.

परवा आमच्याच गल्लीत जुन्या कपड्यांवर भांडी देणाऱ्या दोन बोहारणींना पोरांनी अडवलं. एकीच्या कडेवर तान्हं लेकरू. "हे कुणाचं?" म्हणून चौघं तिच्यावर ओरडत होते, आणि ते लेकरू तिच्या मानेला घट्ट धरून रडत होतं.

आक्का, उद्या पोरांना शाळेला लावून दे. आणि तो मेसेज ज्या-ज्या ग्रुपला पाठवलास, तिथं खोटा होता म्हणून आजच लिही.