दिवसाची लाईन, गावाचं गायरान

मागच्या डिसेंबरात गावी गेलो, तेव्हा एका रात्री साडेअकराला भाऊसोबत हरभऱ्याच्या ओलिताला निघालो. भाऊ म्हणजे मोठ्या बाबांचा मुलगा. माझ्या वाट्याचं वावरही तोच वाहतो. त्या आठवड्यात लाईन, म्हणजे शेतीची वीज, रात्रीची होती. डोक्याला टॉर्च, हातात काठी आणि खिशातल्या मोबाईलवर मोठ्या आवाजात भजनं. भजनं देवासाठी नव्हती, डुकरांसाठी होती.

स्प्रिंकलरचे पाइप ठरावीक वेळानं उचलून पुढं टाकावे लागतात. पाइप उचलला की त्यातलं उरलेलं गार पाणी बाहीतून थेट काखेपर्यंत जातं. दोनच्या सुमारास धुऱ्यापलीकडच्या तुरीत काहीतरी खसखसलं. भाऊनं टॉर्च फिरवली, दोन डोळे चमकले. "रोही हाय," म्हणाला आणि पुन्हा पाइपाला लागला. आमचं गाव वर्धा जिल्ह्यात, बोर व्याघ्र प्रकल्पाच्या अंगाला. दर वेळी रोही, म्हणजे नीलगायच असेल, याची खात्री कुणी देत नाही.

हे आधी सांगतो, कारण पुढं जे लिहिणार आहे ते जर्मनीत, हीटर लावलेल्या खोलीत बसून लिहितोय. रात्रीचं ओलित मी एकदा केलं, तेही हौसेनं. भाऊ वर्षानुवर्षं करतोय.

गावात सध्या वाद पेटलाय तो गायरानाचा. शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून 2023 पासून राज्यात मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा दुसरा टप्पा सुरू आहे. उपकेंद्राच्या जवळपास छोटे सौर प्रकल्प उभारायचे आणि शेतीचे फिडर, म्हणजे वीजवाहिन्या, त्यांच्यावर चालवायच्या. कल्पना चांगली आहे, यात मला शंका नाही. आमच्या गावचं 30 एकर गायरान त्यासाठी मागितलंय. व्हॉट्सॲपवर त्यावरून दोन तट पडलेत. पुण्यातला मावसभाऊ म्हणतो, विकासाला विरोध करणारी ही जुनी खोड आहे. वर्ध्यातला वर्गमित्र म्हणतो, ही सरळ जमीन हडपण्याची तऱ्हा. आणि दोघंही शेवटी माझ्याकडं वळतात: "तुमच्याकडं बघा, लोक किती जागरूक असतात!"

या "तुमच्याकडं"चा मला मनापासून कंटाळा आलाय.

मी राहतो फ्रायबुर्गजवळ. इथून जवळच वील नावाचं गाव आहे. 1975 साली तिथं अणुवीज केंद्र यायचं होतं. ते अडवलं कुणी? द्राक्षाचे मळेवाले, शेतकरी आणि त्यांच्या बायकांनी. केंद्राचं पाणी थंड करणाऱ्या मनोऱ्यांतून निघणाऱ्या वाफेनं धुकं वाढेल आणि द्राक्षं बसतील, ही त्यांची भीती. बांधकामाची जागा अडवून ते कडाक्याच्या थंडीत बसले. केंद्र झालं नाही. म्हणजे जागरूकता वगैरे नंतर आली, आधी होती ती पिकाची काळजी. आमच्या गायक्याची, म्हणजे गुराख्याची, काळजी यापेक्षा वेगळी कुठं आहे?

श्योनाऊची गोष्ट तर आणखी बोलकी. जेमतेम अडीच हजार वस्तीचं हे डोंगरातलं गाव. 1986 च्या चेर्नोबिल अणुदुर्घटनेनंतर तिथल्या काही आईबापांनी ठरवलं की गावातल्या तारा, खांब, डीपी, सगळं वीज कंपनीकडून विकत घ्यायचं. कंपनीनं किंमत सांगितली ती तज्ज्ञांच्या हिशेबाच्या दुपटीहून जास्त. गावात दोनदा मतदान झालं. दुसऱ्यांदा, 1996 मध्ये, ते अगदी थोडक्यात जिंकले. जवळजवळ अर्धं गाव विरोधात होतं! 1997 मध्ये तारा गावाच्या ताब्यात आल्या. म्हणजे भांडणं तिथंही झाली, फक्त ती मालकीवरून झाली. आमच्याकडं भांडण चाललंय ते मोबदल्यावरून, आणि सगळी गोम तिथंच आहे.

हिशेब मांडून दाखवतो. योजनेत खाजगी शेतकऱ्यानं जमीन दिली तर त्याला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख भाडं मिळतं. 30 एकर म्हणजे 12 हेक्टर, म्हणजे वर्षाला 15 लाख. गायरान कागदोपत्री सरकारचं, म्हणून ते नाममात्र भाड्यानं जातं. ग्रामपंचायतीला काय? वर्षाला 5 लाख, तीन वर्षं. एकूण 15 लाख. जेवढं खाजगी जमिनीला एका वर्षात मिळालं असतं, तेवढं गावाला सगळं मिळून. प्रकल्पाचा वीज करार मात्र 25 वर्षांचा. पंचवीस वर्षांवर पसरले तर महिन्याला पाच हजार होतात. एवढ्यात एक गायकीही मिळत नाही.

आणि गायरान म्हणजे रिकामी जागा, हा समज कुणी पसरवला कोण जाणे. सकाळी आखरावर गुरं जमतात, तिथून गायकी ती गायरानावर नेतो. आमचा भाग गवळाऊ गाईंचा. आर्वी, कारंजा, आष्टी या तालुक्यांनी ही जात पिढ्यान्‌पिढ्या जपली, ती चराईच्या जोरावर. पावसाळ्यानंतर तिथं पवन्या, मारवेल गुडघ्याच्या वर येतं. टिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालते. उद्या कुंपण पडलं की गुरं जातील जंगलाच्या कडेला. मग वाघानं गाय मारली की पंचनामा, आणि गाय राखीव जंगलात शिरली की दंड. दिवसा वीज आल्यानं भाऊची रात्रीची भीती संपेल, पण तीच भीती गायक्याच्या वाट्याला दिवसाढवळ्या येईल.

माझ्या मित्राला वाटतं की मग प्रकल्पच नको. मला तसं वाटत नाही. चंद्रपूरचं औष्णिक केंद्र 2,920 मेगावॉटचं आहे. कोळसा आमचा, राख आमची, उन्हाळ्यातली ती भट्टी आमची, आणि रात्री पाइप उचलायलाही आम्हीच. ऊन तरी आमच्या कामाला येऊ द्या. इथं जर्मनीतही सगळं सोवळं नाही. 2023 च्या जानेवारीत कोळशाच्या खाणीसाठी ल्युत्सेराथ गाव पोलीस लावून रिकामं केलं. पवनचक्की दिसू नये म्हणून कोर्टात जाणारे लोकही इथं चिक्कार आहेत.

माझं म्हणणं एवढंच की गावानं पैशाऐवजी वाटा मागावा. अर्धं गायरान चराईला सोडा, उरलेल्यावर प्रकल्प करा, आणि 25 वर्षं दर युनिटमागं गावाला काही पैसे द्या. इथं बऱ्याच ठिकाणी पॅनेलखाली मेंढ्या चरतात. आमच्याकडं ते जमेल का, ठाऊक नाही. शेळी पहिल्याच दिवशी पॅनेलवर चढून बसेल.

यावर कुणी म्हणेल, गावाला मालकी झेपत नाही. विदर्भातच याचं उत्तर आहे, त्यासाठी जर्मनीला यायची गरज नाही. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला वनहक्क कायद्याखाली 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही त्यांची घोषणा. पण कागद मिळूनही बांबू विकायला वाहतूक परवाना लागायचा, आणि त्याचं पुस्तक वनखात्याकडं. 2011 च्या एप्रिलमध्ये ते पुस्तक ग्रामसभेच्या हातात आलं, तेव्हा खरी मालकी आली. गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावला 2012 मध्ये हक्क मिळाला. त्या लोकांनी काय करावं? तेंदूपत्ता तोडणं बंद केलं. हातचे पैसे सोडले, कारण पानांसाठी फांद्या छाटाव्या लागतात, आगी लावल्या जातात, आणि झाडं मरतात. बांबूवर भागवलं. ज्यांना अडाणी म्हणतात त्यांनी हा हिशेब केला. 25 वर्षांचा वीज करार त्यांना समजणार नाही, असं कुठल्या तोंडानं म्हणायचं?

अडचण वेगळी आहे. जंगलासाठी कायदा आहे, ग्रामसभेचा हक्क लिहिलेला आहे. उन्हासाठी तसं काही नाही. आणि "सहकारी" हा शब्द काढला की आमच्याकडं लोकांना बंद पडलेली सूतगिरणी आणि पतसंस्थेत अडकलेल्या ठेवी आठवतात. मी भाऊला सांगितलं की मी इथल्या एका ऊर्जा सहकारी संस्थेचा सभासद आहे, थोडे शेअर घेतलेत, आणि कितीही शेअर असले तरी मत एकच. तर म्हणाला, "आपल्याकडंही एकच असते बावा. ते कोण टाकते, हा सवाल हाय."

त्याला स्वतःला काय हवंय, तेही त्यानं लपवलं नाही. "मले दिवसाची लाईन पाहिजे. तुमची मालकी-गिलकी मागून पाहू. तू पंधरा दिवस राहून जातं, मले रोज रातच्याले जा लागते." यावर मी काही बोललो नाही. बोलण्यासारखं नव्हतंच. माझ्या गॅलरीत 800 वॉटची दोन पॅनेलं टांगलेली आहेत, आणि दरवर्षी विमानानं येऊन-जाऊन मी त्या पॅनेलांचं सगळं पुण्य उडवतो.

तरी एक गोष्ट मी त्याला पुन्हा पुन्हा सांगतोय, ती ग्रामसभेची. 100 किंवा 15 टक्के मतदार, यातले जे कमी तेवढे आले नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला कोरम लागत नाही. मग दहा-बारा जणांत ठराव होतो, आणि तो गावाचा ठरतो. पहिल्या सभेला फक्त 41 जण आले होते. दुसरी पुढच्या आठवड्यात आहे. "सगळ्या गायकीवाल्यांना आण," मी फोनवर म्हणालो. "बायांना आण. गोठ्याचं काम त्यांच्याच अंगावर येणार आहे. वाट्याचा प्रश्न लेखी विचारा आणि इतिवृत्तात नोंदवून घ्या."

"आणतो," तो म्हणाला. मग जरा थांबून, "तुमच्या त्या संस्थेच्या सभेले किती लोक येतेत?"

मागच्या वर्षीची सभा आठवली. शाळेचा हॉल, घडीच्या खुर्च्या, मागं सॉसेजचा वास, पिवळी कार्डं वर करणारी बहुतेक पिकली डोकी. नऊशेच्या वर सभासद, आलेले सव्वाशे. मी आकडा सांगितला.

पलीकडून भाऊचं हसू ऐकू आलं. "म्हंजे तिकडंही बोंबच हाय," तो म्हणाला. "ठेव फोन. लाईन आली."