किंथुपचं नाव हवं होतं

तिबेटातली सांगपो नदी हीच पुढे ब्रह्मपुत्रा होते, हे शोधण्याचं सगळं श्रेय सांगपोच्या घळईवरच्या तुमच्या लेखात बेली आणि मोर्सहेड या ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या १९१३च्या मोहिमेला दिलंय. त्यांची पायपीट मोठीच. पण त्यांच्या कितीतरी आधी, १८८०मध्ये, दार्जिलिंगहून किंथुप हा ब्रिटिश सर्वेक्षण खात्याने पाठवलेला माणूस याच शोधासाठी तिकडे गेला होता. सोबतच्या लामाने त्याला चक्क गुलाम म्हणून विकलं! तरी सुटल्यावर त्याने ठरल्याप्रमाणे खुणेचे ५०० ओंडके तयार करून रोज ५० असे नदीत सोडले. खाली आसामात ते पाहायला कोणीच नव्हतं. कारण ओंडके कधी सोडणार, हा त्याचा निरोप वेळेत पोचलाच नाही. चार वर्षांनी परतलेल्या या निरक्षर माणसाने सगळा मार्ग आठवणीतून सांगितला, तर त्यावरही शंका घेतल्या गेल्या. पुढे बेलीनेच त्याच्या बऱ्याच माहितीला दुजोरा दिला. नामचा बरवा शिखराला वळसा घालणाऱ्या त्या घळईवर लिहिताना किंथुपसाठी एक परिच्छेद तरी जोडाच, ही विनंती.