‘निसर्गाची लॉटरी’ आणि डॉगरिजचा खुंट

नाशिकच्या गंगापूर रोडला सकाळी फिरणाऱ्या आमच्या ग्रुपवर एक मेसेज पुन्हा फिरतोय: “मेंडेलियन रँडमायझेशन म्हणजे निसर्गाने काढलेली लॉटरी. एफ १०च्या वर, एगरची कसोटी पास, मग निष्कर्ष औषधाच्या चाचणीइतकाच पक्का.” खाली अंगठ्यांची रांग. संख्याशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेलंय, त्यामुळे गप्प बसवत नाही.

दारूने आजार होतो का, हे पिणारे आणि न पिणारे यांची नुसती तुलना करून कळत नाही, कारण ते इतर शंभर बाबतींत वेगळे असतात. म्हणून दारू सोसण्याची ताकद ठरवणारं, जन्मतःच मिळालेलं जनुक धरून तुलना करायची, अशी ही पद्धत. चांगलीच आहे. माझं भांडण ‘पक्का’शी आहे.

लॉटरी म्हणाल तर ती एका घरापुरती. आईबापांकडून मुलाला काय येईल ते नशीब. पण प्रदेशागणिक जनुकाच्या रूपांचं प्रमाण बदलतं, आणि सोबत खाणं, पैसा, हवापाणीही. सख्ख्या भावंडांची तुलना म्हणूनच जास्त भरवशाची.

एफ १०. एफ हे संख्याशास्त्रातलं एक माप; त्याचा हा दहाचा आकडा आला अर्थमितीतून, १९९७ साली. जनुक आणि दारूचं प्रमाण यांची गाठ घट्ट आहे, एवढंच तो सांगतो. आजाराकडे जायला त्याच जनुकाची दुसरी वाट आहे का, यावर तो अवाक्षर काढत नाही. दिंडोरीच्या बागेत चला. वेलीचा जोम वाढला की घड सुधारतात का, हे बघायला डॉगरिजचा खुंट (ज्यावर द्राक्षाचं कलम बांधतात ती मुळांची जात) जनुकाच्या जागी साधन म्हणून घेतला. जोमाशी त्याचं नातं भक्कम, एफ आभाळाला. पण तोच खुंट खारं पाणीही सोसतो, म्हणजे घडाकडे जायला दुसरी वाट झालीच. शिवाय ज्याची विहीर खारी, तोच मुळात डॉगरिज लावतो! एफला यातलं काहीच दिसत नाही.

एगरची कसोटी अशा आडवाटा, म्हणजे दारूला वगळून आजाराकडे जाणाऱ्या वाटा, शोधते. ती २०१५ची, आणि तिला बरीच जनुकं लागतात. तिच्यातला ‘छेद’ नावाचा आकडा शून्याजवळ आला म्हणजे आडवाटांचा सरासरी कल एका बाजूला दिसला नाही. उलटसुलट वाटांनी एकमेकींना खोडलं तरी शून्यच. त्यातून कसोटीची ताकद बेताची. पोलिसाला चोर सापडला नाही म्हणून चोरी झालीच नाही, असं कुणी म्हणतं का?

मग तपासायचं कसं? जिथे मुख्य वाट, म्हणजे दारूच, बंद आहे तिथे जाऊन बघायचं. २०१९मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या चिनी अभ्यासात हेच केलं होतं. नुसत्या सवयी पाहिल्या तर आठवड्याला १०० ग्रॅमच्या आसपास अल्कोहोल घेणाऱ्यांना पक्षाघात न पिणाऱ्यांपेक्षा कमी. जनुकांवरून पाहिलं तर पुरुषांत दारूबरोबर धोका वाढतच गेला, संरक्षण नाहीसं झालं. (आपल्या वाइनच्या गावाला हे ऐकवत नाही, ते सोडा.) खरी गंमत पुढे आहे. तिथे नियमित पिणाऱ्या बायका जेमतेम २ टक्के. जनुकं तीच, पण दारू नाही. जनुकाला आडवाट असती तर बायकांतही रक्तदाब आणि पक्षाघात हलायला हवे होते. हलले नाहीत. हा पुरावा मला दहा एगरपेक्षा जड वाटतो, आणि तरीही तो फक्त पुरुष-बायकांत सारख्या असलेल्या आडवाटाच पकडतो.

“भारतीयांनाही तंतोतंत लागू,” असं मेसेजच्या शेवटी आहे. त्या अभ्यासातलं मुख्य जनुकरूप, दारू पचवण्याशी निगडित एएलडीएच२ या जनुकाचं, पूर्व आशियात भरपूर, आपल्याकडे जवळजवळ नाहीच. तेच साधन नाशिकला आणलं तर आधी एफच कोसळेल.