दाखल्यासाठीच गेलो होतो (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार,

आमच्या घराण्याच्या वंशावळीवर मी लिहिलेल्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, खोटं कशाला बोलू. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: वंशावळी काढणं हा कुळाचा मोठेपणा मिरवायचा उद्योग आहे; मला खरं तर आरक्षणासाठी कुणबी जातीचा दाखला हवा होता आणि ते मी लपवलं; हेळव्याच्या, म्हणजे दारोदार फिरून कुळाच्या पिढ्या म्हणणाऱ्याच्या, तोंडची स्तुती मी इतिहास म्हणून खपवली; आणि नऊ पिढ्यांच्या त्या तक्त्यात एकही बाई नाही.

दाखल्याचं आधी. हो, दाखल्यासाठीच गेलो होतो. २०२३ च्या दिवाळीनंतर आमच्याकडे घरोघरी दुसरा विषय नव्हता. मराठ्यांच्या कुणबी नोंदी तपासणाऱ्या न्यायमूर्ती शिंदे समितीचं काम सुरू होतं, जुन्या दप्तरांत कुणबी नोंदी शोधायची धांदल उडाली होती, आणि पुतण्याची बारावी तोंडावर आलेली. पणजोबांची नोंद शोधायला मला पिटाळलं, कारण नुकताच निवृत्त झालेला, म्हणजे घरात रिकामा मीच. हे लेखात यायला हवं होतं. त्याऐवजी ‘आजोबांच्या गोष्टींतून ओढ लागली’ असं लिहून मोकळा झालो. आजोबा गोष्टी सांगायचे नाहीत. तंबाखू मळायचे आणि शिव्या द्यायचे.

ओढ लागली ती कोतवाल बुकात. गाव नमुना १४, जन्ममृत्यूची वही. पानं पापडासारखी, हात लावला की कोपरा हातात येतो. सोबत मोडी वाचणारा एक पोरगा नेला होता, पानामागे पैसे घेणारा. त्या दिवसांत मोडीवाल्यांना सोन्याचा भाव होता. पानाच्या डोक्यावर ‘जिल्हा सातारा’ वाचून पुतण्या म्हणाला, काका, ही वही आपली नव्हेच. त्याला सांगावं लागलं, बाबा, आपला वाळवा तालुका तेव्हा साताऱ्यातच होता. १९४९ साली दक्षिण सातारा जिल्हा वेगळा झाला आणि १९६० साली त्याचं सांगली झालं.

मोडीत रेघ आधी ओढून घेतात, मग हात न उचलता अक्षरं तिला टांगत जातात. एरवी त्या वहीतलं एक पान सहा-सहा महिने पुरलेलं. १९१८ च्या ऑक्टोबरचं पान चार दिवसांत भरलेलं होतं. लिहिणाऱ्याचा हात बदललेला, ओळी एकमेकींवर चढलेल्या. कारणाच्या रकान्यात पहिल्या ओळीला ‘ताप’, आणि खाली सदर, सदर, सदर. तो पोरगाही वाचताना हळूहळू नुसतं ‘सदर’ म्हणायला लागला आणि मग गप्प झाला. आमच्याकडची म्हातारी माणसं ज्याला मानमोडी म्हणत, तो हा ताप, इन्फ्लुएन्झाची साथ. मुंबई इलाख्यात त्यात दहा लाखांच्या आसपास माणसं गेली. हा आकडा मी आधी कुठेतरी वाचला होता, पण कळला तो त्या ‘सदर’मुळे.

त्या वर्षी दसरा १५ ऑक्टोबरला होता. शिर्डीला साईबाबा गेले तोच दिवस. आमच्या वहीत दसऱ्यानंतर दोन दिवसांनी एक ओळ आहे: पणजोबांचं नाव, पुढे ‘कुणबी’, पुढे ‘याची बायको’, वय ३०, कारण सदर. संपली ओळ. बाईचं नाव नाही.

आता गंमत बघा. आम्हाला हवा होता तो शब्द पणजोबांच्या स्वतःच्या नावावर कुठेच सापडला नाही. सापडला तो या बाईच्या मरणाच्या ओळीत. पुतण्याची सगळी फाईल तिच्यावर उभी आहे. साक्षांकित नक्कल घेऊन बाहेर आलो, टपरीवर चहा घेतला, आणि पुतण्या फोनवर ‘मिळाली, मिळाली’ म्हणत असताना माझ्या डोक्यात एवढंच चाललं होतं, की हिचं नाव काय असेल? या ओढीची सुरुवात म्हणाल, तर इथे झाली. यात मिरवण्यासारखं मला तरी काही दिसत नाही.

हेळव्याच्या बाबतीत तुमचं निम्मं बरोबर आहे. सुगी झाली की तो बैल घेऊन येतो, दारात उभं राहून पिढ्या म्हणतो आणि धान्य-कापड घेऊन जातो. वरच्या पिढ्यांत त्याने आम्हाला थेट चितोडहून आणलं. पण अख्खी पंचक्रोशीच त्याच्या तोंडी चितोडहून येते! त्या वरच्या पाच पिढ्या मी तक्त्यातून काढून टाकतो आहे. पण पणजोबांना दोन बायका, हे घरात कुणालाच ठाऊक नसलेलं त्यानेच सांगितलं. तारखा जुळवल्या तर आजोबांचा जन्म १९२१ चा. म्हणजे आम्ही सगळे दुसरीचे. पहिलीचं मागे कुणी नाही, म्हणून तिचं नाव घेणारंही कुणी उरलं नाही.

तुमचा चौथा मुद्दा मात्र बिनतोड आहे. वहीत ती ‘याची बायको’, हेळव्याकडे ‘थोरली’, आणि माझ्या तक्त्यात तर तेवढीही नाही. दुरुस्त तक्ता पुढच्या आठवड्यात टाकतो. त्यात तिची चौकट असेल, तारखेसकट.

नावाचं अजून ठरत नाही. माळ्यावर एक तांब्याची घागर आहे. थोरल्या काकूने चिंच लावून घासली तेव्हा गळ्याखाली ठिपक्याठिपक्यांनी ठोकलेली अक्षरं दिसली: एका बाईचं नाव आणि एक गाव, कृष्णेपलीकडचं. आंदणाच्या भांड्यावर नाव घालतात तसंच. आमच्या घरात त्या नावाची बाई कधी कुणी ऐकलेली नाही, आणि त्या गावाशी सोयरीकही नाही. काकू म्हणते, तीच ती, लिहून टाक. मी म्हणतो, मोडीच्या भावात विकत घेतलेली घागरही असू शकेल. यावरून आमचं रोज वाजतं. त्या गावी एकदा जाऊन येणार आहे.

तुम्हीही वाळवा भागातलेच, असं प्रतिक्रियेत लिहिलंय. जमलं तर तुमच्या माळ्यावरची जुनी भांडी एकदा खाली काढून बघा. नाव बहुधा काठाच्या आतल्या बाजूला किंवा गळ्याखाली असतं, चिंचेशिवाय दिसत नाही.