"टर्बो नवीन टाकलाय" म्हटलं की आधी बिल मागा

जुनी डिझेल गाडी बघायला गेलं की एजंट हमखास सांगतो, "टर्बो आत्ताच नवीन टाकलाय, टेन्शनच नाही." घेणारा तिथेच निर्धास्त होतो. मला हे ऐकलं की उलट काळजी वाटते. जुना टर्बो गेला कशाने, हे कुणी विचारतच नाही. आणि ते कारण बऱ्याचदा अजून गाडीतच असतं.

टर्बो म्हणजे इंजिनात जादा हवा दाबून भरणारा पंखा. त्याचा शाफ्ट मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो, तेही ऑइलच्या पातळ थरावर. ऑइल वेळेवर बदललं नाही की टर्बोला ऑइल पोचवणारी बारीक नळी काजळीने चोंदते आणि बेअरिंग कोरडं पडतं. नळी तशीच ठेवून फक्त टर्बो बदलला, तर नवाही त्याच वाटेने जातो. इंटरकूलरमध्ये, म्हणजे टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या जाळीत, जुन्या टर्बोचं ऑइल किंवा धातूचे कण राहिले असतील तर ते थेट इंजिनात. म्हणून मी विचारतो: नळी बदलली का, इंटरकूलर साफ केला का, आणि बिल कुठंय? बिल नसेल तर टर्बो बदललाच नाही असं धरून भाव करायचा.

मारुतीने एप्रिल 2020 पासून डिझेल बंद केलं, तरी डिझेल स्विफ्ट, डिझायर, अर्टिगाला जुन्या बाजारात गिऱ्हाईक आहेच. इंजिन बहुतेक तेच 1248 सीसी, पण स्विफ्टचा टर्बो साधा आणि अर्टिगाच्या 90 पीएसवाल्या इंजिनात हलत्या पाकळ्यांचा. सतत गर्दीत हळू चालवलेल्या गाडीत या पाकळ्या काजळीने अडकतात. त्यामुळे "फक्त सिटीत चालवलीय साहेब" हे डिझेलच्या बाबतीत कौतुक नाही. हायवेवर पळालेली, ऑइलच्या नोंदी असलेली गाडी मी आधी निवडेन, मीटरवर आकडा जास्त असला तरी.

बघायला सकाळीच जा आणि आधीच सांगून ठेवा की मी येईपर्यंत सेल्फ मारू नका. पोचल्यावर बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर का, ते विचारा. गाडी थोडा वेळ आयडलला ठेवून मग रेस करा. निळसर धूर निघाला तर ऑइल जळतंय. टर्बोचं की इंजिनचं, ते मिस्त्री सांगेल. काळा धूर आणि पिकअप कमी असेल तर टर्बोकडून इंजिनकडे जाणारा हवेचा होज (रबरी पाइप) फाटला असू शकतो, ते काम स्वस्तात होतं. होज काढल्यावर आत ऑइलचा हलका थर दिसला तर घाबरू नका, पण ऑइल साचलेलं दिसलं तर थांबा. टर्बोतून ऑइल फार आत जायला लागलं तर डिझेल इंजिन तेच जाळत सुटतं, चावी काढली तरी बंद होत नाही. यात जीवाला धोका असतो.

चौकाला एक फेरी मारून काहीही कळत नाही. पुण्याकडचे असाल तर कात्रज किंवा खंबाटकी घाटात न्या. चढाला तिसऱ्या गिअरमध्ये दीड हजार आरपीएमपासून पूर्ण दाबा. दोन हजारांच्या आसपास गाडीने स्पष्ट ओढायला हवं. बारीक शिटी चालते. सायरनसारखा चढत जाणारा आवाज चालत नाही. मध्येच ताकद जाऊन चेक लाइट लागली, तर तिथूनच परत फिरा.

आणि गाडीच्या कॉम्प्युटरमधले एरर वाचणारा स्कॅनर घाट चढून आल्यावरही लावायचा. निघायच्या आधी एरर पुसून ठेवायला विकणाऱ्याला दोन मिनिटं पुरतात.